वाडा, पागडी आणि सी-वनची नोटीस : तुमचे प्रश्न

मे महिना आला की आमच्या सदराच्या टपालाचा नूरच बदलतो. एरवी सोसायटीत कुत्रं पाळू का, पार्किंग कुणाचं असले प्रश्न असतात, पण पावसाळ्याआधी पालिकेची धोकादायक इमारतींची यादी लागली की सगळं ठाणं एकदम इंजिनियर होतं. यावेळी पाच प्रश्न घेतलेत. पहिल्यावर जरा जास्त लिहिलंय, त्याला कारण आहे, ते उत्तरात कळेलच.

*प्रश्न : ताई, चरईत आमचं पणजोबांच्या वेळचं एकमजली घर आहे, सागवानी खांब, कडीपाट, वर मंगलोरी कौलं. आम्ही चार भावंडं, दोघं परदेशात, तळमजल्यावर तीन भाडेकरू. बिल्डर म्हणतो घराला शंभर वर्षं झाली, उद्या पावसात बसलं तर तुमच्यावरच केस होईल. मोठा दादा सही करायला निघालाय. मी नको म्हटलं की "इमोशनल होऊ नकोस" हे ऐकावं लागतं. पाडण्याशिवाय काही मार्ग आहे का?*

आहे, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वय झालं हा काही आजार नाही. शंभर वर्षांचं घर आणि धोकादायक घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बिल्डर त्या मुद्दाम एका दमात बोलतो.

मी गेली अठ्ठावीस वर्षं इमारतींचं ऑडिट करतेय आणि हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण आपल्या जुन्या ठाण्यात कितीदा असं दिसतं की १९१० च्या आसपासचं लाकडी घर ठणठणीत आणि शेजारची १९८३ ची आरसीसी बिल्डिंग खलास. कारण साधं आहे. आरसीसीत काँक्रीटच्या पोटातली सळी गंजते, गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडून बाहेर येते, आणि खाडीची खारी हवा, वरच्या संडासातून होणारी गळती असली की हे सगळं आतल्या आत चालू असतं, स्लॅबचा पोपडा डोक्यात पडेपर्यंत कळतही नाही. लाकडाच्या घरात बिघाड ठरलेल्या जागी होतो. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक, खांबाचं जोत्यावर टेकलेलं बूड, पन्हळ गळते तिथले वासे, आणि नंतर कुणीतरी माडीवर काढलेल्या न्हाणीच्या खालचा कडीपाट. चांगला सुतार दाभण टोचून सांगतो कुठपर्यंत कुजलंय. तेवढं टोक कापायचं, नवीन सागवान सांधून घ्यायचं, बाकीची तुळई आहे तशी राहते. आरसीसीच्या बीमचं असं टोक बदलता येत नाही.

आणि एक, तुमच्या भिंतींना कुणी सिमेंटचा गिलावा केलाय का बघा. नव्वद टक्के घरांत केलेला असतो (हा माझा अंदाज हं, कुठला सर्व्हे नाही). चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्यातून निघून जाते, वर सिमेंट थापलं की ती आतच कोंडते आणि मग लाकडाची टोकं कुजवते, वाळवीला तर आमंत्रणच. म्हणजे मजबुतीसाठी जे केलं त्यानंच घर पोखरलं. तो गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करायचा, लांबचं काम आहे पण करतात लोक.

आता कागदाचं. बिल्डरच्या माणसानं दिलेला रिपोर्ट हा रिपोर्ट नव्हे. ज्याला लाकडी बांधकाम कळतं असा इंजिनियर स्वतः नेमा, पैसे चौघांनी वाटून द्या, आणि रिपोर्टमधे वर्ग कुठला ते स्पष्ट लिहून घ्या. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे न रिकामी करता दुरुस्ती, सी-थ्री म्हणजे किरकोळ. माझ्याकडे आलेली बहुतेक कौलारू घरं सी-टू-बी मधे बसतात आणि बोलताना मात्र सगळे त्यांना सी-वन म्हणतात. पण केसची भीती अगदीच खोटी नाही हेही सांगते, रिपोर्टनं दुरुस्ती सांगितली आणि तुम्ही तो कपाटात ठेवला तर मग दादा बरोबर ठरतो.

हेरिटेजचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. २०२० साली राज्यासाठी जी एकत्रित विकास नियमावली आली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती ठाण्यालाही लागू आहे आणि तिच्यात वारसा इमारतींची तरतूद आहे. तीन ग्रेड असतात. पहिल्या ग्रेडला हात लावायचा नाही, फक्त जपायचं. दुसऱ्यात आतून योग्य ते बदल चालतात. तिसऱ्यात बरीच मोकळीक. लिस्टेड घर ठेवल्यामुळे जो एफएसआय (म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते) वापरता येत नाही त्याचा टीडीआर (तो हक्क दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा कागद) मालकाला मिळू शकतो, हा भाग बिल्डर सांगत नाही. पण तुम्ही एकदम खूश होऊ नका, तिसरी ग्रेड म्हणजे अभय नाही, आणि यादीत नाव जायचं ते नोटीस यायच्या आधी, नंतर धावाधाव करून उपयोग नसतो. पालिकेकडे अर्ज, फोटो, मोजमापाचे नकाशे, घराचा इतिहास असं सगळं द्यावं लागतं, हरकती सूचना होतात, वेळ जातो.

दादाला व्हिलन करू नका मात्र. तीन भाडेकरूंचं भाडं मिळून तुमच्या घराचं लाइट बिल निघत नसणार. भाडेनियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते, ती तुम्ही कधी केलीच नसेल, बहुतेक कुणीच करत नाही. आणि मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबांचंच नाव असेल तर सही करायला निघालेला दादा एकटा काहीच करू शकत नाही, आधी वारस नोंदी करा. परदेशातल्या दोघांना विचारा, हक्कसोड करताय की हिस्सा हवा. हे ठरल्याशिवाय घराचं काहीच ठरत नाही. मधला रस्ताही असतो, रस्त्याकडचा ओटी माजघराचा भाग ठेवून मागच्या परसात नवीन बांधायचं, प्लॉट खोल असेल तर नक्की विचारा, आर्किटेक्ट मात्र नकाशावर काट मारायची घाई नसलेला शोधा.

आणि शेवटी पाडायचंच ठरलं तर हे एक कलम वाचल्याशिवाय सही करू नका, "पाडकामाचा माल विकासकाचा". आमचं खारकर आळीतलं घर १९९६ मधे गेलं तेव्हा करारात ही ओळ होती, कुणी वाचलीच नव्हती. तीन दिवसांत सगळं सागवान टेंपोत चढलं. वडलांना झोपाळ्याची तुळई हवी होती, ते मागायला गेले तर पाडकाम करणाऱ्यानं भाव सांगितला. वडलांनी स्वतःच्या घराची तुळई रोख पैसे मोजून विकत घेतली. ती आता माझ्या गॅलरीत बाकडं म्हणून आहे, पाहुणे म्हणतात काय छान अँटिक, कुठून आणलं.

*प्रश्न : जांभळी नाक्याजवळ पागडीच्या (म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यानं घेतलेल्या) घरात ४४ वर्षं राहतोय, वय ७१. पालिकेची सी-वनची नोटीस लागली. मालक म्हणतो लवकर निघा, पाडल्यावर बघू. बाहेर पडलो की हक्क गेला असं सगळे म्हणतात, म्हणून बसून आहोत. काय करावं?*

काका, आधी बाहेर पडा. हे मी तुम्हाला हात जोडून सांगते. २०१५ च्या ऑगस्टमधे इथेच नौपाड्यात बी केबिनला रात्री झोपेत इमारत बसली, १२ जण गेले. हक्क कागदावर टिकतो, स्लॅब टिकत नाही.

आणि हक्क खरंच टिकतो. सांगलीच्या एका जागेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलंय की पालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा भाडेकरूपणा संपत नाही, कारण भाडेकरार जमिनीलाही धरून असतो. तेव्हा "निघालात की गेलं" हे नाक्यावरचं ज्ञान आहे. पण निघताना रिकाम्या हातानं निघू नका. आपल्या जागेचं मोजमाप पालिकेकडून लेखी घ्या, किती चौरस फूट, कुठला मजला, कुणाच्या नावावर. भाड्याच्या पावत्या, पागडीची पावती, जुनी लाइट बिलं, रेशनकार्ड सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स, एक सेट मुलीकडे ठेवा. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डरनं पाठवा आणि परत आलेली पावतीही जपून ठेवा, ती तर सगळ्यात भारी कागद. घराचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, दारापासून मोरीपर्यंत. सगळे भाडेकरू मिळून एकच वकील करा, सात जणांचे सात वकील झाले की मालकाचं फावतं. मालक "पाडल्यावर बघू" म्हणतोय ते लेखी द्या म्हणावं, किती जागा, किती दिवसांत, तोवर भाडं कोण देणार. देणार नाही तो, पण मागितल्याचं पत्र तुमच्याकडे राहील.

*प्रश्न : पाचपाखाडी, १९८४ ची बिल्डिंग, २४ फ्लॅट. सेक्रेटरींनी घरोघरी फिरून पुनर्विकासाच्या कोऱ्या संमतीपत्रावर सह्या घेतल्या, बिल्डर आधीच ठरलेला दिसतोय. हे बरोबर आहे का?*

नाही. कोऱ्या कागदावर सही कुणी मागितली की चहा द्या, सही देऊ नका. सहकार कायद्याच्या ७९-अ खालचा २०१९ चा शासन निर्णय आहे, तो सेक्रेटरींना प्रिंट काढून द्या. विशेष सर्वसाधारण सभा, दोन तृतीयांश सभासद हजर, एकूण सभासदांच्या ५१ टक्के मंजुरी, सभेचं चित्रीकरण, आधी प्रकल्प सल्लागार मग टेंडर, आणि बिल्डर निवडायच्या सभेला निबंधकांचा अधिकारी. तुमच्याकडे २४ म्हणजे १६ जण हजर आणि १३ जणांची मंजुरी, गणित अवघड नाहीये. बँक गॅरंटी मागायला लाजू नका. किती मजले मिळणार हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, तेव्हा गल्ली किती मीटरची आहे ते स्वतः टेपनं मोजा, ब्रोशरमधल्या चित्रात सगळ्या गल्ल्या हायवेएवढ्या दिसतात.

आणि हो, ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट उपविधीतच आहे. तुमचं शेवटचं कधी झालं ते विचारा, बहुतेक शांतता पसरेल.

*प्रश्न : आम्ही बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधे राहतो. आजूबाजूला सगळ्यांनी मूळ घरं पाडून तीन मजली केली. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम आहे म्हणे, आमचा इंजिनियर मुलगा म्हणतो तेही पाडू, आर्किटेक्ट सून म्हणते हात लावू नका. कोण बरोबर?*

मजा आहे, दोघंही थोडे थोडे. कोरियांनी ही वसाहत १९८० च्या दशकात केली तेव्हा मुद्दाम घरं एकमेकांना चिकटवली नाहीत, भिंत सामायिक नाही, म्हणजे प्रत्येकाला शेजाऱ्याला न विचारता वाढवता यावं. घर वाढणं हा त्यांच्या प्लॅनचाच भाग होता, त्यामुळे वाढवलं म्हणजे पाप केलं असं सूनबाईंनी मनाला लावून घेऊ नये. पण त्यांनी जपलेली गोष्ट घर नव्हती, सात सात घरांच्या मधला चौक होता, जिथे पोरं खेळतात, वाळवणं पडतात, संध्याकाळी खुर्च्या येतात. तीन मजले चढवून पोर्च चौकात घातला की ते गेलं. म्हणून मुलाला सांगा वर जा, पुढे येऊ नकोस. आहे त्या जोत्यावर, चौकाकडची बाजू बसकी ठेवून, मागे उंच करता येतं. सिडकोची जमीन लीजवर आहे, तेव्हा परवानगी आधी, कुदळ नंतर. आणि जुनं घर पाडण्याआधी सूनबाईंना एक रविवार द्या, त्या मोजून ड्रॉइंग करतील, मुलालाही फूटपट्टी धरायला उभं करा.

*प्रश्न : आमच्या टेंभी नाक्याजवळच्या प्लॉटवर पाया खणणार आहेत. आजी म्हणते जुन्या ठाण्यात खणलं की काहीतरी निघतंच. खरंच असं काही असतं का, का आपलं गप्पा?*

आजी अगदीच हवेत बोलत नाहीये. १७८७ मधे ठाण्याच्या किल्ल्यापाशी, म्हणजे आत्ताच्या सेंट्रल जेलपाशी, पाया खणताना ताम्रपट सापडले, शिलाहार राजा अरिकेसरीचे, १०१७ सालचे. पहिली रेल्वे १८५३ ला इथे आली त्याच्या आठशेहून जास्त वर्षं आधी इथे राजे दानपत्रं लिहून देत होते आणि ते कुणी उत्खनन करून नाही शोधलं, बांधकामाच्या मजुरांच्या कुदळीला लागलं. अजूनही कायदा १८७८ चा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं मिळालं तर कलेक्टरला कळवायचं, दहा रुपयेच, तुम्ही बरोबर वाचलंत.

तुमच्या प्लॉटवर ताम्रपट निघायची शक्यता कमी, जुन्या विहिरीचे घडीव दगड निघायची जास्त. निघाले तर आधी जेसीबीवाल्याला चहाला पाठवा, मग शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा, आणि तो चहा जरा लांबच्या टपरीवरचा असू द्या.