पित्त, पित्तरस आणि बाळाची पांढरी शी

वाचकांच्या पत्रांत ‘पित्त’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी येतो. जठरातले आम्ल घशाशी आले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस तेही पित्तच. खालील उत्तरे मुख्यतः या तिसऱ्या पित्ताविषयी, म्हणजे पित्तरसाविषयी आहेत.

सकाळी उपाशीपोटी आंबट पाणी घशाशी येते, डोके दुखते. पित्त वाढल्यामुळे माझे यकृत खराब होत असेल का? (एक गृहिणी, सांगली)

आंबट पाणी जठरातून येते, यकृतातून नव्हे. पित्तरसातील पित्ताम्ले, म्हणजे रिपोर्टावर ‘बाइल ॲसिड’ म्हणून लिहितात ती, यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते. साबण जसा भांड्याचा तेलकटपणा सोडवतो, तशी ती जेवणातील तेल-तूप पाण्यात मिसळण्याजोगे करतात. काम झाल्यावर त्यांतील सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परततात, आणि हा फेरा दिवसातून अनेकदा होतो. धोका पित्तरस तयार होण्यात नाही, तो अडण्यात आहे. वाट बंद झाली की हाच साबण यकृताच्या पेशींना जाळू लागतो. अडथळ्याची लक्षणे निराळी असतात : गडद लघवी, फिकट शौच, अंगाला खाज, डोळ्यांत पिवळेपणा. तुम्ही यांपैकी काहीही लिहिलेले नाही. तरीही त्रास महिनाभराहून जुना असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

पित्ताशय काढल्यावर पित्तरस तयार होणे थांबते का?

नाही, पित्ताशय ही केवळ साठवणीची पिशवी आहे, पित्तरस यकृतच बनवते. शस्त्रक्रियेनंतर काहींना पातळ शौचाला होते, त्यावर औषध आहे, ते आपल्या सर्जनला विचारा.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘लिव्हर क्लीन्स’ केले. दुसऱ्या दिवशी हिरवे मऊ खडे पडले. आता सोनोग्राफीची गरज आहे का?

आहे, कारण पडले ते पित्तखडे नव्हते. प्यालेल्या तेलाचेच पोटात साबणासारखे गोळे होतात. ते पाण्यावर तरंगतात, बोटांनी दाबले की चेपतात, आणि विक्रेता त्यांचेच फोटो दाखवून पुढचे पाकीट विकतो. खरा खडा होता तिथेच असतो, आणि एवढे तेल एकदम प्यायल्याने पित्ताशय जोरात आकुंचन पावून तो नलिकेत अडकू शकतो. यकृताला बाहेरून ‘धुण्याची’ गरज नसते. सोनोग्राफी करा आणि रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञांकडे जा.

फॅटी लिव्हरसाठी मेडिकलमधून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सहा महिने घेतो आहे. चालू ठेवू का? (वय ४४, ठाणे)

हेही एक पित्ताम्लच आहे, आणि पित्तनलिकांच्या काही विशिष्ट आजारांत ते फार मोलाचे औषध आहे. फॅटी लिव्हर हा त्यांतला आजार नव्हे. तिथे खरा उपयोग वजन ७ ते १० टक्के उतरवण्याचा आणि दारू बंद करण्याचा होतो. गोळ्या कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी लिहून दिल्या होत्या, हे आधी पाहा, आणि कोणीच लिहून दिल्या नसतील तर तज्ज्ञांना भेटून निर्णय घ्या.

नातू पाच आठवड्यांचा झाला, डोळे अजून पिवळे आहेत. शेजारणी म्हणतात, कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल. शी पांढुरकी होते, पण बाळ दूध छान पिते. (एक आजी, नाशिक)

आजी, हे उत्तर वाचून होताच बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, सोमवारची वाट पाहू नका.

नवजात बाळाची साधी कावीळ पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण दोन आठवड्यांत ओसरते. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा दिसला, तर बाळ कितीही हसरे असो, रक्तातील बिलिरुबिन, म्हणजे कावीळ आणणारे पिवळे रंगद्रव्य, एकूण किती आणि त्यातले ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने पित्तरसात सोडण्याजोगे केलेले, किती हे तपासलेच पाहिजे. डायरेक्टचा आकडा प्रति डेसिलिटर १ मिलिग्रॅमच्या वर गेला, तर पित्तरस अडला आहे असे धरून त्याच दिवसापासून शोध सुरू करावा लागतो. ऊन अडलेली नलिका उघडत नाही. काविळीची माळही नाही. काड्या सुकल्या की गाठी सैलावतात, माळ लांब होते आणि घरच्यांना वाटते कावीळ उतरली.

मला सर्वाधिक भीती वाटते ती बिलिअरी अट्रेझियाची. यात यकृताबाहेरच्या पित्तनलिका सुजून बुजत जातात आणि कोंडलेली पित्ताम्ले काही महिन्यांत यकृत निबर करून टाकतात. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया आतड्याचा भाग थेट यकृताच्या मुखाशी जोडते. ती ६० दिवसांच्या आत झाली तर पित्तरस वाहू लागण्याची शक्यता सर्वांत चांगली असते, ९० दिवसांनंतर ती फार घटते. मग यकृत प्रत्यारोपणावाचून दुसरा मार्ग क्वचितच उरतो. वेळेत शस्त्रक्रिया होऊनही अनेक मुलांना पुढे प्रत्यारोपण लागते, पण तोवर मूल वाढलेले असते.

एका आईने माझ्यासमोर पिशवीतून लंगोट काढून पसरला होता : शी शाडूच्या मातीसारखी, आणि भोवती लघवीचा गडद पिवळा डाग. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ रंगहीन असते, तिने कापडावर डाग पडता कामा नये. त्या बाळाला शंभरावा दिवस लागला होता, आणि मधले दोन महिने घरात बाळ दूध पिते आहे, वजन वाढते आहे, एवढ्यावर समाधान मानले गेले होते. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचे कार्ड देतात. आपल्याकडे ते नसले, तरी दिवसाच्या उजेडात लंगोट पाहायला काहीच लागत नाही. पिवळी, मोहरीसारखी किंवा हिरवट शी चालते. पांढरी, राखाडी किंवा फिक्या दह्यासारखी चालत नाही.

डॉक्टरांना व्हिटॅमिन ‘के’विषयीही विचारा. रक्त गोठायला ते लागते. पित्तरस आतड्यात न पोहोचल्यास ते शोषले जात नाही, आणि अशा बाळाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

आठवा महिना आहे. रात्री तळहात-तळपाय खाजून झोप लागत नाही, पुरळ नाही. सासूबाई म्हणतात, पोट ताणल्याने होते. (पुणे)

पोट ताणल्याची खाज पोटावर येते. तळहात-तळपायांची, रात्री वाढणारी, पुरळाशिवाय येणारी खाज ही गरोदरपणात पित्तरस अडल्याची खूण असू शकते. पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. उद्याच आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगून यकृताच्या चाचण्या आणि ‘सीरम बाइल ॲसिड’ करून घ्या. हा आकडा प्रतिलिटर १०० मायक्रोमोलवर गेला, तर पोटातच बाळ दगावण्याचा धोका वाढतो आणि प्रसूती लवकर करण्याचा निर्णय घ्यावा लागतो. बहुतेकींचा आकडा त्याहून बराच खाली असतो, परंतु तो मोजल्याशिवाय कळत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली तर तडक रुग्णालय गाठा.

काविळीत हळद पूर्ण बंद करावी का?

भाजीतील हळद चालते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र आजच थांबवा आणि तुम्ही त्या घेत होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.