दाट प्लाझ्माची परावर्तकता काढायला ड्रूड मॉडेल पुरतं का?

ताळगावला एमएस्सीच्या प्रकल्पात शॉकने दाबलेला झेनॉन घेतलाय आणि परावर्तकता (पडलेल्या प्रकाशातला परतणारा भाग) १ च्या वर जातेय, असं विचारलंत. ड्रूड, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात आणि अधूनमधून टकरी घेतात असं धरणारं मॉडेल, पुरतं. पुरत नाही ती त्यात घातलेली टकरींची वारंवारता. कुलंब लॉगरिथम, म्हणजे टकरींच्या सूत्रातला लांबच्या आणि जवळच्या अंतरांच्या गुणोत्तराचा लॉगरिथम, छापून बघा, ऋण निघेल.

१.०६ मायक्रॉनचा लेझर, ३०,००० केल्विन, एकदाच आयनित झेनॉन घ्या. क्रांतिक घनता (इलेक्ट्रॉन तिच्याहून दाट झाले की लेझर आत जाऊ शकत नाही) दर घनसेंटिमीटरला साधारण १० चा २१ वा घात. इलेक्ट्रॉनांची घनता तिच्या चौपट. डिबाय लांबी, जिच्या पलीकडे आयनाचा प्रभार इलेक्ट्रॉनांच्या पडद्याआड जातो, येते १.९ अँगस्ट्रॉम; आयन-गोलाची, म्हणजे एका आयनाच्या वाट्याच्या जागेची, त्रिज्या ३.९. डिबाय गोलात इलेक्ट्रॉन जेमतेम ०.१! एक दशांश कण कसला पडदा धरणार? इथे स्पिट्झर, म्हणजे विरळ प्लाझ्मासाठीचं टकरींचं सूत्र, लावायचाच नसतो. हँडबुकातल्या सूत्राने लॉगरिथम −०.४ येतो, टकरी प्रकाश शोषायच्या ऐवजी वाढवायला लागतात. अपवर्तनांक काढताना वर्गमूळ आत विरणाऱ्या लाटेचं घेतलंत म्हणून चूक दिसली तरी. संगणकाचं नेहमीचं वर्गमूळ घेतलं असतंत तर ०.४७ च्या आसपासचा सज्जन आकडा आला असता आणि तो प्रबंधात गेला असता.

यावर ठरलेला सल्ला मिळतो: लॉगरिथमला २ चा तळ बांधा, म्हणजे त्याला २ च्या खाली जाऊ देऊ नका. ली आणि मोर यांच्या दाट प्लाझ्माच्या वाहकतेच्या १९८४ च्या मॉडेलात तो आहे, त्यांच्या कामाला चालतो. इथे मात्र टकरींची वारंवारता लेझरच्या तिपटीवर जाते आणि परावर्तकता ०.०८ होते. त्याऐवजी मुक्तपथ (दोन टकरींमधलं अंतर) आयन-गोलाच्या त्रिज्येवर अडवला तर ती लेझरच्या १.७ पट, परावर्तकता ०.१९. ०.५ पट असती तर ०.५७. म्हणजे उत्तर तो २ देतोय, प्लाझ्मा नव्हे. ‘सगळे २ च घेतात’ हे मी व्हायव्हात पुष्कळदा ऐकलंय. सगळे घेतात म्हणून आकडा बरोबर ठरत नाही.

टकरींची वारंवारता काढायला रेण्वीय गतिकी, म्हणजे कणांची हालचाल संगणकावर पायरीपायरीने, चालवा. इलेक्ट्रॉन-आयन विभव जवळच्या अंतरावर बोथट करा, नाहीतर इलेक्ट्रॉन आयनात कोसळतो. वेळेची पायरी ०.०१ फेमटोसेकंद. विद्युतधारेच्या स्वसहसंबंधातून (आत्ताची धारा नंतरच्या धारेशी किती जुळते यावरून) लेझरच्याच वारंवारतेला तिचं मूल्य काढा, शून्य वारंवारतेला नको, आणि काल्पनिक भाग टाकून देऊ नका.

एवढं करूनही आलेख जुळणार नाही. मिन्त्सेव आणि झापोरोझेत्स यांच्या शॉकने दाबलेल्या झेनॉनवरच्या १९८९ च्या मोजमापात परावर्तकता घनतेबरोबर सावकाश चढते. परावर्तकता काढायचं फ्रेनेलचं सूत्र क्रांतिक घनता ओलांडताच उडी मारतं, कारण ते उभी भिंत धरतं. दोनापावलाच्या खडकावर लाट आपटून परतते, मिरामारच्या उतारावर विरते. शॉकचा पुढचा काठही उताराचाच. काठाचे तरंगलांबीच्या शंभराव्या भागाएवढे थर पाडा, आतून बाहेर हेल्महोल्ट्झ समीकरण (लाटेचं समीकरण) सोडवा, रुंदी अर्ध्या मायक्रॉनपासून वाढवत न्या.

हो, एक राहिलंच: झेनॉनच्या उदासीन अणूंचा आणि बद्ध इलेक्ट्रॉनांचा वाटा वरच्या हिशेबात नाही. शिवाय त्या प्रयोगातली इलेक्ट्रॉन घनता थेट मोजलेली नाही, शॉकच्या वेगावरून अवस्था-समीकरणाने काढलेली आहे. तेव्हा आडव्या अक्षावरही चूक-पट्टी काढा.