विश्वास ठेवल्यावरही पुन्हा पुन्हा पाप होत असेल तर तारण जातं का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी तुम्ही येशूवर विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, आणि तरीही एकाच पापात वारंवार पडता. दर वेळी वाटतं, आता देवाने आपल्याला टाकलं. म्हणून विचारताय की तारण, म्हणजे पापापासून मिळालेली सुटका, गमावता येतं का, आणि बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा का. हा प्रश्न मी स्वतः कित्येक वर्षं उराशी घेऊन झोपलो आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

त्या काळात मी रोज रात्री एकच प्रार्थना करायचो: प्रभू, मागच्या वेळी मनापासून केली नसेन तर आज करतो, मला स्वीकार. सकाळी बरं वाटायचं. दिवसभरात रागाच्या भरात कुणाला लागेल असं बोललो, की रात्री परत पहिल्यापासून सुरुवात. यालाच मी विश्वास समजत होतो. पण माझं सगळं लक्ष माझ्याच प्रार्थनेवर होतं. ती पुरेशी प्रामाणिक आहे का, रडू आलं का, मन खरंच मोडलं का, हेच तपासत बसायचो. ख्रिस्ताकडे बघायला वेळच उरत नव्हता.

आपल्या भाषेत 'तारण' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: कर्जापोटी ठेवलेली वस्तू. हप्ते चुकले की तारण जप्त. मी ख्रिस्ताने दिलेलं तारणही नेमकं तसंच समजत होतो. चांगल्या वागण्याचे हप्ते भरत राहायचे, एक चुकला की जप्तीची नोटीस. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल याच्या अगदी उलट सांगतो: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे, ते देवाचं दान आहे आणि कर्मांनी मिळालेलं नाही, म्हणजे कुणाला बढाई मारता येऊ नये. मूळ ग्रीक क्रियापदाचं रूप पूर्ण झालेल्या आणि अजून टिकून असलेल्या गोष्टीचं आहे. मराठीतलं 'झालेलं आहे' ते छान पकडतं.

त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा 'विसार' म्हटलंय. हा शब्द मला फार आवडतो. विसार म्हणजे सौदा पक्का करायला विकत घेणाऱ्याने आगाऊ दिलेली रक्कम. व्यवहार पुरा करीन, अशी ती त्याची बांधिलकी असते. इथे विसार देणारा देव आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझी मेंढरं माझ्या हातातून कुणी हिसकावून घेणार नाही, पित्याच्या हातातूनही नाही. मेंढराने मेंढपाळाला किती घट्ट धरलंय, याचा तिथे उल्लेखही नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं की तुमच्या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांचं एकमत नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या परंपरेतल्या मंडळ्या मानतात की देवाने ज्यांना खरोखर नवा जन्म दिला त्यांना तो शेवटपर्यंत राखतो. 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे भरलेल्या त्यांच्या सभेने हे ठामपणे मांडलं. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली आणि त्याचे अनुयायी मानतात की माणूस विश्वास सोडून देऊ शकतो आणि तसं केलं तर तारणही गमावतो. लूथरन मंडळ्याही विश्वास गमावण्याची शक्यता नाकारत नाहीत. कॅथलिक शिकवणीप्रमाणे प्राणघातक पापाने, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या गंभीर पापाने, पावन करणारी कृपा हरवते आणि पापनिवेदनाच्या संस्कारातून ती परत मिळते. शेवटपर्यंत आपण टिकूच, अशी पूर्ण खात्री विशेष प्रकटीकरणाशिवाय कुणाला असू शकत नाही, असं कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये ठरवलं. मी स्वतः पहिल्या बाजूचा आहे. पण एक गोष्ट बघा: पडून परत येणाऱ्याला दार बंद आहे, असं यांपैकी कुणीही म्हणत नाही.

तरी तुमच्या मनात इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय असणार. या प्रश्नाने तळमळणारा प्रत्येक जण शेवटी तिथेच जाऊन थांबतो, मीही थांबलो होतो. ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि मग जे पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं तिथे लिहिलंय. हे वाचून माझ्या पोटात गोळा यायचा. या वचनाची धार मला बोथट करायची नाही. इशारा खरा आहे आणि तो विश्वासणाऱ्यांच्या मंडळीला दिलेला आहे. पण अशक्य काय म्हटलंय ते नीट वाचा. पश्चात्ताप करून आलेल्याला क्षमा मिळणं अशक्य आहे, असं तिथे नाही. तिथला माणूस पश्चात्तापाकडेच वळत नाही. पत्र ज्यांना लिहिलं त्यांनी छळ सोसला होता, मालमत्तेची लूटही सोसली होती, आणि आता ख्रिस्तालाच सोडून देण्याचा मोह त्यांच्यापुढे होता. रोज पडणाऱ्या आणि रोज रडणाऱ्या माणसाबद्दलचा तो परिच्छेद नाही. शिवाय नवव्या वचनात लेखक लगेच म्हणतो की प्रियजनहो, तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. मी कित्येक वर्षं आठव्या वचनापाशीच पुस्तक मिटत होतो.

आपलं पाप ज्याला खुपतच नाही, 'कृपा आहे ना, मग काय' म्हणून जो निवांत आहे, त्याने मला विचारलं असतं तर मी हे उत्तर दिलं नसतं. त्याला मी तो इशाराच वाचून दाखवला असता, आणि रोमकरांस पत्राचा सहावा अध्यायही. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, असं विचारून पौल तिथे स्वतःच त्याला साफ नकार देतो. तुमचं लिहिणं त्या माणसाचं नाही. तुमच्या पापाची तुम्हाला शिसारी येते. ती कुठून आली असेल, याचा विचार करा.

येशूचा शिष्य पेत्र याच्याकडेही बघा. ज्या रात्री त्याने येशूला तीनदा नाकारलं, त्याच रात्री, नाकारण्याच्या आधी, येशू त्याला म्हणतो: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे; तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. पडण्याआधीच वळण्याची गोष्ट! पेत्राने महायाजकाच्या वाड्यात येशूला नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी येशू शिष्यांसाठी मासे भाजतो, तोही कोळशाच्याच विस्तवावर. या विस्तवासाठीचा ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात याच दोन ठिकाणी येतो. तिथे येशू पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी होतो. म्हणजे जखम झाकून ठेवली नाही, उघडली. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्यावर मेंढरं सोपवली.

म्हणून पाप लपवू नका. योहानाचं पहिलं पत्र सांगतं की आपण पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, क्षमा करील. मंडळीतल्या एखाद्या पोक्त, तोंडाला कुलूप असणाऱ्या माणसाला नाव घेऊन सांगा की मी अमुक पापात पडतोय. माझी ती रात्रीची प्रार्थना थांबली ती एका वडीलधाऱ्याला सगळं सांगितल्यावर. त्यांनी उपदेश केला नाही, नुसते शेजारी बसून राहिले. आणि ही भीती झोप, जेवण, काम सगळं गिळत असेल, क्षमा मागितल्यावरही पाच मिनिटांत परत उसळत असेल, तर समुपदेशकाशीही बोला. त्यात अविश्वास नाही.

राहिला बाप्तिस्मा. तो पुन्हा घेऊ नका. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्र आधी नकोच म्हणाला, आणि मग एकदम म्हणाला, नुसते पाय नको, हात आणि डोकंही धू. येशूने उत्तर दिलं की ज्याचं स्नान झालंय त्याला पायांखेरीज काही धुवायची गरज नाही. तुमचं स्नान तीन वर्षांपूर्वी झालंय. आज फक्त पाय मळलेत, तेवढे त्याच्यापुढे करा.