वडिलांच्या पायासाठी डॉक्टर ओपन सर्जरी आणि स्टेंट दोन्ही एकत्र करू म्हणतायत, ७२व्या वर्षी एवढं करावं का?

"या वयात एवढं करावं का" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच वाक्य आमचे मामा आईच्या बाबतीत वॉर्डच्या दारात उभं राहून बोलले होते आणि आत आई जागी होती.

आईला शुगर जुनी. अंगठा काळा पडलेला, आडवं झालं की ठणका, त्यामुळे रात्रभर पाय कॉटखाली सोडून बसायची. गावाकडच्या सर्जननी एबीआय (घोट्याचं बीपी हाताच्या बीपीशी ताडून बघतात ती टेस्ट) केला, तो जवळपास नॉर्मल आला, मग म्हणाले रक्तपुरवठा ठीक आहे, शुगरनं सडलंय, गुडघ्याखाली कापू. मामा लगेच तयार, कापा आणि मोकळे व्हा. पण शुगरवाल्यांच्या धमन्या कॅल्शियमनं कडक झालेल्या असतात, बीपीच्या पट्ट्यानं दाबल्याच जात नाहीत, त्यामुळे एबीआय फसवा चांगला येतो. मी हट्टानं पुण्याला व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे नेलं. त्यांनी पायाच्या बोटाचं प्रेशर घेतलं आणि जांघेत बोटं ठेवून बघितलं, नाडी लागतच नव्हती जवळजवळ. वरचा पाटच तुंबलाय तर शेवटच्या वाफ्यात पाणी जाणार कुठून!

सीटी अँजिओत, म्हणजे धमन्यांच्या स्कॅनमध्ये, दिसलं की पोटातून पायाकडे येणारी इलियॅक धमनी अरुंद, जांघेतली कॉमन फीमोरल धमनी कॅल्शियमनं गच्च आणि मांडीतली पण मध्येच बंद. मग जांघेत चीर देऊन धमनी उघडली, आतला थर सोलून काढला, वरून पॅच शिवला, आणि तिथूनच वायर वर घालून इलियॅकमध्ये स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी), खाली मांडीत बलून फुगवून वाट मोकळी केली. सगळं एकाच टेबलवर. जांघेत पण स्टेंटच का नाही, तर तिथं सांधा वाकतो, स्टेंट दबू किंवा तुटू शकतो आणि मांडीला रक्त देणारी प्रोफंडा ही फांदी तिथूनच निघते, तिचं तोंड झाकलं जाऊ शकतं. आणि वरची इलियॅक ओपन करायची तर बहुतेक वेळा पोट उघडावं लागतं, आईचं हार्ट वीक, ते झेपलं नसतं. म्हणजे दोन्ही एकत्र करतात ते मोठं ऑपरेशन टाळायलाच.

अंगठा गेला, तो जाणारच होता. जांघेची जखम बरेच दिवस पाझरत होती, ड्रेसिंगनं सगळे वैतागलो. पण पाय राहिला, आई स्वतःच्या पायानं बाथरूमला जाते.

नेटवर बायपास (बंद भागाला वळसा घालून शीर जोडतात ते ऑपरेशन) चांगला का स्टेंट हे वाचत बसू नका. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय ट्रायलमध्ये पायाची स्वतःची चांगली शीर मिळत असेल तर आधी बायपास सरस ठरला, २०२३ च्या बॅसिल-२ मध्ये गुडघ्याखालच्या ब्लॉकना आधी बलून-स्टेंट सरस. वडिलांचा ब्लॉक कुठं कुठं आहे त्यावर ठरणार.

आता हेही सांगतो की प्रत्येक पाय वाचत नाही. पू वर चढतोय, ताप आहे, तर इन्फेक्शन आधी काढावं लागतं, प्रसंगी पायही कापावा लागतो, तिथं हट्ट धरू नका. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्टचं, म्हणजे धमन्यांच्या फोटोसाठी टोचतात त्या औषधाचं, आधी विचारा. हार्टची तपासणी करून घ्या, सिगरेट-तंबाखू आजच बंद. पाय अचानक गार आणि बधिर पडला तर तासांचा खेळ असतो, तेव्हा चर्चा नको, थेट हॉस्पिटल. रिस्क किती हे तुमच्या सर्जनलाच विचारा, मी डॉक्टर नाही.

पण असं पसरणारं इन्फेक्शन नसताना धमन्यांचा फोटो न काढता कापायला कुणी सही मागत असेल तर देऊ नका. आणि वडिलांना विचारलंय का? आमच्या मामांनी आईला एकदाही विचारलं नव्हतं, गुडघ्याखाली कापलं की महिन्याभरात कृत्रिम पाय लावून चालतील असं परस्पर ठरवून मोकळे. त्या वयात, त्या हार्टवर कृत्रिम पायानं चालायला किती ताकद लागते ते फिजिओथेरपिस्टला विचारा, बरेच जण खुर्चीतच राहतात. हे मी मामांना तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो.