गावातल्या युवक मंडळातर्फे एचआयव्हीबद्दल कार्यक्रम घ्यायचाय. भाषणाशिवाय काय करता येईल?

भाषण नकोच, पोरं मागच्या दाराने सटकतात. शिगम्याच्या तालमीला सगळे जमतातच, तिथेच तासभर मागून घ्या. आधी एक डबा फिरवा, बिननावाच्या चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवा. 'डास चावल्याने होतो का?' (नाही) इथपासून सुरुवात होते आणि खरे प्रश्न मग निघतात. उत्तरं द्यायला सरपंच नको, समुपदेशक बोलवा. गोवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे विचारा. मुलामुलींचे गट वेगळे बसवलेत तर जास्त बोलतील. कंडोम नुसता दाखवू नका. पाकिटावरची तारीख कशी बघायची, फाडायचं कुठून, हे हातात देऊन करायला लावा.

दोन गोष्टी ठासून सांगा. सरकारी आयसीटीसी केंद्रात (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तपासणी मोफत आणि गुप्त असते. संमतीशिवाय तपासणी नाही, असा २०१७चा कायदाच आहे. आणि असुरक्षित संबंधासारखा धोका घडलाच तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठायचा, प्रतिबंधक औषधं तेवढ्यातच सुरू करावी लागतात. लाज वाटली तर १०९७ हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

मंडपातच सर्वांसमोर तपासणी शिबिर मात्र ठेवू नका. गाव लहान, कोण रांगेत होतं ते संध्याकाळपर्यंत तिंट्यावर, म्हणजे बाजारात, पोचतं.