ट्रकवर चढलेला दुधी आणि न हसलेला एक माणूस

तुमचा प्रश्न असा आहे, की हमखास हशा मिळत असताना एखादा विनोदवीर तो सोडून मनातलं खरं बोलायला लागतो, ती प्रेरणा येते कुठून? माझ्यापुरतं उत्तर आमच्या अंगणात उभं होतं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. जत्रेच्या मराठी नाटकांत बरीच वर्षं विनोदी भूमिका केल्या. संहितेत नसलेलं वाक्य टाकायचं, पोरं हसली की तेच पुन्हा म्हणायचं, आणि समोरचा नट आपलं वाक्य धरून ताटकळत उभा. पुढे पणजीत मराठी स्टँडअप सुरू केलं तेव्हाही तीच सवय. भाड्याची स्कूटर, हुर्राक ही काजूची दारू, किनाऱ्यावरचे पर्यटक. असले विनोद कुठेही चालतात, कारण त्यात बोलणाऱ्याचं काहीच पणाला लागलेलं नसतं.

बाबांनी कर्ज काढून खनिज वाहायला ट्रक घेतला होता. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने खाणींची 88 लीज रद्द केल्यावर मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणातच राहिला. आईने त्याच्या हौद्यावर दुधीचा वेल चढवला. मी तो दुधी कार्यक्रमात घेतला, 'खनिजाच्या ट्रकात आता भाजी पिकते', आणि लोक दरवेळी हसले.

सांगत नव्हतो ते वेगळंच. बाबा रोज सकाळी केबिनमध्ये चढायचे, बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन सुरू करायचे आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या माडाकडे बघत बसायचे. मग बंद करून चहाला यायचे. घरात यावर कोणी बोलत नसे.

एकदा साखळी शहरात छोटा कार्यक्रम होता. दुधीवर सगळे हसले, तिसऱ्या रांगेतला एक माणूस सोडून. बाबांच्याच वयाचा. तो मान खाली घालून आपल्या तळहाताकडे बघत होता. त्याच्याही अंगणात ट्रक असणार, हे मला तिथेच कळलं. ज्याला पुढची गोष्ट ठाऊक आहे त्याच्यासमोर ती अर्धीच सांगणं मला जमेना. मी सकाळचं इंजिन सांगितलं, बाबा ते पाच मिनिटं चालू ठेवून बसतात म्हणून. बराच वेळ कोणी हसलं नाही, आणि पहिल्यांदाच मला त्या शांततेची भीती वाटली नाही. मला प्रेरणा मिळाली ती त्या माणसाकडून. मी काही धाडस वगैरे ठरवून केलं नव्हतं.

मोठ्या माणसांचंही काहीसं असंच दिसतं. अमेरिकेतला विनोदवीर रिचर्ड प्रायर सुरुवातीला बिल कॉस्बी या दुसऱ्या विनोदवीराच्या वळणाचे, सगळ्यांना रुचतील असे विनोद करायचा. 1967 मध्ये लास वेगासच्या भरल्या सभागृहातून तो कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेला. पुढे तो स्वतःच्या वस्तीबद्दल, ज्या आजीने त्याला वाढवलं तिच्या कुंटणखान्याबद्दल बोलायला लागला. 1980 मध्ये नशेत तो स्वतः भाजला. तेही त्याने मंचावर सांगितलं, 1982 मध्ये ते पडद्यावर आलं, आणि लोक पोट धरून हसले. म्हणजे खरं बोललं की हशा जातो असं नाही. फक्त त्याच्यामागे धावावं लागत नाही. आमच्याकडे तियात्रवाले, म्हणजे गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकांतले लोक, हे कधीपासून जाणतात. गोष्ट थांबवून कांतार, म्हणजे गाणं, सुरू होतं, गायक सरकारला तोंडावर सुनावतो, आणि त्याच प्रेक्षकांना पुढच्या प्रवेशात हसवून सोडतात.

एक मात्र सांगतो. खरं आपलं एकट्याचं नसेल तर घरी विचारा. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना सगळं सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला होता. त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, "पांच न्हय रे, धा मिनटां. पांचांत बॅटरी चार्ज जायना."

तेव्हापासून मी दहा मिनिटं सांगतो.