कडे, पुळणी, खाडी, बेटं असं सगळंच असलेल्या किनाऱ्यावर स्कूबा डाइव्हिंगच्या जागा कशा निवडाव्यात?

तुम्ही लिहिलंय की ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स झालाय, पंधराएक डाइव्ह झाल्यात, आणि आता आठवडाभर अशा किनाऱ्यावर जाताय जिथे उभे कडे, पुळणी, खाडीचं मुख, दोन लहान बेटं आणि एक बुडालेलं जहाज आहे. यातल्या कुठल्या पाच-सहा जागा निवडाव्यात, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं असं की घरी बसून पाच जागांची यादी पक्की करूच नका. वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेल्या आठ-दहा जागा हेरून ठेवा आणि त्यातली कुठली, ते त्या दिवशी सकाळी ठरवा. तुमच्या किनाऱ्याचं खरं वैभव तेच आहे. भूशिराच्या एका अंगाला समुद्र खवळलेला असताना दुसऱ्या अंगाला आडोशात पाणी निवांत असू शकतं. नावाजलेली जागा चुकीच्या दिवशी गाठण्यापेक्षा साधी जागा तिच्या चांगल्या दिवशी गाठलेली मला केव्हाही आवडते.

सकाळी काय बघायचं? बहुतेक जण लाटांची उंची बघतात आणि थांबतात. उंचीइतकाच, किंबहुना जास्त, महत्त्वाचा आहे एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचा वेळ. खोल पाण्यात ६ सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे ५६ मीटर असते, तर १२ सेकंदांच्या लाटेची सुमारे २२५ मीटर. वेळ दुप्पट झाला की लांबी चौपट होते. आणि लाटेची हालचाल पाण्यात तिच्या लांबीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पोचते. म्हणजे दूरच्या वादळातून आलेली, दिसायला मीटरभरही उंच नसलेली लांब लाट १०-१५ मीटरवरच्या तळालगतचं पाणी सहज हलवते. खाली तुम्ही खडकासमोर पुढे-मागे झुलत राहता, वाळू उठते आणि व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यातलं लांबचं दिसणं, जाते. लाटांच्या अंदाजात १२-१४ सेकंद दिसले तर उघड्या समुद्राकडे तोंड असलेल्या उथळ जागा त्या दिवशी सोडून द्या आणि आडोशाची बाजू धरा. तिथेही जरा वेळ उभं राहून बघा, कारण लांब लाटा भूशिराला वळसा घालून आत येतात.

वाऱ्याचं एक फसवं रूप सांगतो. जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो तेव्हा काठालगतचं पाणी आरशासारखं दिसतं. नवीन माणसाला वाटतं, याहून चांगला दिवस नाही. पण तोच वारा वर आलेल्या डायव्हरला आणि रिकाम्या बोटीला बाहेर ढकलत असतो. अशा दिवशी किनाऱ्यावरून उतरणार असाल तर काठ सोडून लांब जाऊ नका, आणि वर खुणेचा फुगा सोबत हवाच. उन्हाच्या दिवसांत बऱ्याच किनाऱ्यांवर दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून शक्यतो सकाळ धरा.

आता भरती-ओहोटी. हा धडा मी स्वतः घेतलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या विसाएक डाइव्ह झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. उधाणाचे दिवस, भरती उलटून दोन तास झालेले. खडकाची एक पायरी पाण्याच्या बरोबरीत होती, तिथून पाऊल टाकून मी आणि माझा बडी, म्हणजे जोडीचा डायव्हर, आत गेलो. तासाभराने परत आलो तर ती पायरी डोक्याच्या वर, खाली निसरडं शेवाळ आणि कालवांच्या धारदार कडा, आणि लाट आम्हाला त्यांच्यावर नेऊन ठेवतेय. शेवटी काठाने पोहत पुढची पुळण गाठली. तोवर दोघांचेही हातपाय गळाले होते.

चूक गणिताची होती. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यांवर पाणी उतरायला सुमारे सहा तास लागतात, पण ते सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. आम्ही नेमके तिसऱ्या तासात उतरलो होतो. तेव्हापासून मी कुठल्याही जागेचा विचार बाहेर पडण्यापासून सुरू करतो: तासाभराने पाणी कुठे असेल, तिथून टाकी पाठीवर घेऊन वर चढता येईल का, आणि ती वाट बंद झाली तर दुसरी कुठली? दुसरी वाट सापडली नाही तर ती जागा बोटीने जाण्याची.

तुमच्या किनाऱ्यावरचं खाडीचं मुख ओहोटीत टाळा. आतला गाळ तेव्हा बाहेर येत असतो. भरती पूर्ण होता होता बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, तीच वेळ. पाऊस पडून गेला असेल तर वर गोड गढूळ पाण्याचा थर तरंगतो आणि खाली चक्क स्वच्छ असतं, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

कडे देखणे असतात, पण तिथे बऱ्याचदा खाली जवळ तळ नसतो. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे आणि कड्यापाशी ती कळायच्या आत ओलांडली जाते. पहिल्याच दिवशी कडा नको. आधी १०-१२ मीटरचा वाळूचा तळ असलेली जागा घ्या, कमरेची वजनं नीट जुळवा, म्हणजे पाण्यात ना वर उचलले जाल ना खाली ओढले जाल. तिथे हवाही पुरते. २० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तिप्पट असतो, म्हणून हवाही तिप्पट वेगाने संपते.

वाळू रिकामी असते असं समजू नका. खडक जिथे वाळूला भिडतो त्या रेघेवर हळूहळू जा. कपारीतला ऑक्टोपस, वाळूत डोळे तेवढे बाहेर ठेवून बसलेला चपटा मासा, सगळं त्या रेघेवर असतं. मी अख्खी डाइव्ह तीस मीटर लांबीच्या अशा एका रेघेवर घालवली आहे आणि ती आजही आठवते.

बेटांमधली खिंड आणि भूशिराचं टोक इथे प्रवाह सर्वांत जोरकस असतो. जीवनही तिथेच दाटलेलं, कारण प्रवाह अन्न आणतो. प्रवाहाची दिशा उलटताना पाणी थोडा वेळ थांबतं, त्या वेळीच तिथे उतरायचं, आणि तुमच्या अनुभवाला स्थानिक गाइडबरोबरच. पाणी थांबण्याची वेळ भरतीच्या वेळापत्रकाशी जुळतेच असं नाही. खिंडीत ती बरीच मागेपुढे असू शकते आणि ती तिथल्या बोटवाल्यांना पाठ असते. त्यांना ‘जागा चांगली आहे का’ असं विचारू नका. ‘काल तिथे पाणी कसं होतं, आणि परत कुठून येता’ असं विचारा.

जहाजाच्या आत शिरू नका, त्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. बाहेरून बघण्यासारखं भरपूर असतं. ते जर प्रवाहाच्या वाटेवर असेल तर अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस सोडा, तेव्हा उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते, पाणी कमी चढतं-उतरतं आणि प्रवाहही मवाळ असतो. तुमच्या आठवड्यात अष्टमी कधी पडते ते आत्ताच बघा, आणि जहाज त्या दिवसासाठी राखून ठेवा.